भरल्या पोटाची कैफियत

१९८१ च्या पावसाळ्यात शिवडीच्या आमच्या तेलडेपोत एक परिपत्रक निघाले. त्याचा इंग्रजी मसुदा मी टंकलिखित केला, मराठी तर्जुमाही मीच केला आणि डिंक लावून तो फलकावर चिकटवणारा हातही माझाच होता, त्यामुळे चाळीसाहून अधिक वर्षे उलटली तरी त्यातला मजकूर मला जवळजवळ मुखोद्गत आहे. काटकसरीच्या धोरणास अनुसरून कामगारांच्या उपाहारगृहात यापुढे चहा केवळ कपातून देण्यात येईल, बशा जमा करून घेण्यात येतील, अधिकारीवर्गाच्या भोजनकक्षातील व्यवस्था पूर्ववत चालू राहील, तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी, एवढाच तो मामला होता. कंपनी मोठी होती. इतकी मोठी की तिच्या ताळेबंदातल्या आकड्यांवरची शून्ये मोजताना आम्हा कारकुनांचे बोट अडखळत असे. आणि त्या कंपनीने वाचवायला काढल्या त्या नऊ डझन बशा.

बशी म्हणजे काय वस्तू आहे, हे ज्या अधिकाऱ्याने हा हुकूम काढला त्याला ठाऊक नव्हते. त्याचा दोष सर्वस्वी त्याच्याकडे जातो असेही नाही, कारण त्याच्या टेबलावर बशी येई ती चमचा आणि दोन बिस्किटे ठेवण्याचे साधन म्हणून. गॅन्ट्रीवर, म्हणजे ज्या उंच मचाणाखाली टँकर उभे करून वरून त्यांच्या पोटात तेल सोडतात तिथे, पाळीत काम करणाऱ्या माणसाला चहासाठी दहा मिनिटे मिळत. त्यातली चार जाण्यायेण्यात मोडत, आणि उरलेल्या सहांत वाफाळता चहा घशाखाली उतरवायचा तर तो बशीत ओतून, फुंकर घालून, भुरका मारल्याशिवाय गत्यंतर नसे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका कपात दोघांचे भागत असे. कपातला एकाचा, बशीतला दुसऱ्याचा. कोणी कप घ्यावा आणि कोणी बशी घ्यावी, याचेही अलिखित संकेत होते. नव्या माणसापुढे जुन्याने बशी सरकवली की तो पाळीत दाखल झाला असे समजत, मग त्याचा कायमचा हुकूम कचेरीतून सहा महिन्यांनी का निघेना. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी, नव्या इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसलेल्या माझ्यापुढे एका जुन्या फिटरने न बोलता बशी सरकवली होती, ती मी अजून विसरलेलो नाही. आणि तरीही ते परिपत्रक टंकलिखित करताना माझे बोट कुठे थबकले नाही, हेही सांगितले पाहिजे.

परिपत्रक लागले त्या दिवशी कोणी घोषणा दिली नाही, कोणी निवेदन आणले नाही. दुपारच्या चहाला कॅन्टीनमध्ये कोणी गेले नाही, इतकेच. युनियनच्या पुढाऱ्यांनाही ही वार्ता उशिराच कळली, आणि कळल्यावर आपण हे घडवून आणले असे सांगण्याची त्यांची लगबग सुरू झाली. जो तो आपापल्या दहा मिनिटांत फाटकाबाहेरच्या टपरीवर जाऊ लागला. तेलाच्या डेपोत आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची आगपेटीसाठी झडती घेतात, तो नियम जीवन-मरणाचा आहे आणि त्यात कसूर चालत नाही. तेव्हा टपरीवरून परतणाऱ्यांची झडतीला रांग लागे, दहा मिनिटांची चाळीस होत, आणि तेवढा वेळ तेल भरायला आलेले टँकर बाहेर खोळंबून राहत. तिसऱ्या दिवशी दुपारी ती टँकरांची ओळ शिवडी स्टेशनच्या रेल्वे फाटकाच्या दिशेने लांबच लांब गेली आणि वरून फोन आला. चौथ्या दिवशी सकाळी कॅन्टीनमध्ये बशा होत्या. परिपत्रक मात्र कधीच मागे घेतले गेले नाही. घेतले असते तर चूक झाली असे लिहावे लागले असते, आणि तशी वाक्ये लिहिण्याची आमच्या दफ्तराला सवय नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे कागदोपत्री त्या डेपोत आजही बशांना मनाई आहे.

या हकिगतीत एक गोष्ट अशी आहे की जी त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. टाक्या रंगवणारे, पिंपे लोटणारे, गवत काढणारे असे साठ-सत्तर कंत्राटी मजूर त्याच आवारात राबत. त्यांना कॅन्टीनची बशी नव्हती आणि कपही नव्हता. त्यांचा चहा आरंभापासूनच फाटकाबाहेरच्या टपरीवरचा. आमच्या तीन दिवसांच्या बहिष्काराने त्या टपरीवर एवढी गर्दी झाली की त्यांना चहा मिळेनासा झाला. आम्ही आमचा मान परत मिळवला तो त्यांच्या चहावर पाय देऊन, आणि जिंकल्याच्या आनंदात चौथ्या दिवशी वाटलेले पेढेही त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत.

माझी नोकरी १९७८ च्या जूनमधली. त्याच्या आधीच्या चार वर्षांत देशातल्या तेलधंद्याची मालकीच पालटून गेली होती: १९७४ साली एस्सो, १९७६ साली बर्मा-शेल आणि त्यामागोमाग कॅलटेक्स, अशा तिन्ही परदेशी कंपन्यांचा इथला कारभार संसदेने कायदे करून सरकारच्या हाती दिला होता, इंडियन ऑइल तर जन्मतःच सरकारी. मी कोणत्या कंपनीत होतो ते सांगत नाही, कारण त्या जागी दुसरीचे नाव घातले तरी या कैफियतीत फार तर टँकरांचा रंग बदलेल. लालबागच्या चाळीत वाढलेल्या, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्गातल्या पदवीधराला तेल कंपनीत चिकटायला मिळाले म्हणजे त्या काळी स्वर्ग दोन बोटे उरला असे मानीत. पगार चांगला, बोनस चांगला, औषधपाण्याचा खर्च कंपनीकडे, आणि शिवाय एक अदृश्य अधिकार: गॅसच्या शेगडीसाठी नाव नोंदवून लोक तेव्हा वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि मी डेपोतला साधा कारकून असूनही आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पाण्याचा पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच आपल्या नंबराची चौकशी करी. गॅसचे खाते वेगळे, माझे खाते वेगळे, हे मी प्रत्येकाला सांगत असे आणि ते कोणालाही खरे वाटत नसे.

अशा माणसाने आपण सुखी नाही हे कोणाला सांगावे? बशांच्या त्या प्रकरणाला सहा महिने झाले नसतील तोच, १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझे मामा साचेखात्यात होते. आधी मामीच्या पाटल्या गेल्या, मग मुलांना कोकणात पाठवले, मग चाळीतली खोली भाड्याने देऊन मामा स्वतः आमच्या गॅलरीत पथारी टाकू लागले. मी पाळीहून घरी येई तेव्हा ते जागे असत आणि विचारीत, "आज काय तुमच्याकडे?" आमच्याकडे त्या दिवशी काय असे? एका मुकादमाला डावलून दुसऱ्याला ओव्हरटाइम दिला म्हणून अबोला असे, नाहीतर गणवेशाचे कापड यंदा हलके आले म्हणून पाच जणांनी ते स्वीकारायला नकार दिलेला असे. ज्याची चूल सात महिने थंड आहे त्याला मी हे काय सांगणार? "काही नाही, मामा," असे म्हणून मी जेवायला बसे. पुढे तेहेतीस वर्षे माझी हीच सवय राहिली, आणि माझ्या बरोबरीच्या बहुतेकांचीही तीच असावी असे वाटते. पोटाला कमी पडते म्हणून ओरडणाऱ्याचे दुःख जगाला कळते. भरल्या पोटाने ओरडणारा मात्र कृतघ्न ठरतो, आणि म्हणून तो ओरडत नाही, तर बशीवर अडतो, कापडावर अडतो, खुर्चीच्या हातावर अडतो. वरच्यांना वाटते की ही माणसे क्षुल्लक गोष्टींवर रुसतात. त्या क्षुल्लक गोष्टींपलीकडची गोष्ट मांडण्याची सोयच त्यांच्यापाशी ठेवलेली नसते, हे ध्यानात यायला स्वतःला वर जाऊन पुन्हा खाली पाहावे लागते, आणि वर गेलेल्यांपैकी फार थोडे खाली पाहतात.

आस्थापना विभागात असल्यामुळे अधिकाऱ्यांच्या गोपनीय अहवालांचे लखोटे माझ्या हातांतून जात. ते उघडण्याचा मला अधिकार नव्हता, पण ज्यांना होता ते अहवाल उघडे टाकून जेवायला जात, आणि कारकुनाचे डोळे काही बारनिशीत जमा केलेले नसतात. त्या अहवालांची एक स्वतंत्र भाषा होती. "कष्टाळू" म्हणजे बुद्धी बेताची, "स्वतंत्र विचाराचा" म्हणजे ऐकत नाही, "सर्वांशी मिळूनमिसळून वागतो" म्हणजे कामगारांना सामील आहे, आणि "ठीक" म्हणजे याला बढती नको. प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधिताला कळवायचा, असा दंडक होता. म्हणून कोणी प्रतिकूल शेरा लिहीतच नसे. अनुकूल शब्दांच्या रांगेत एक "ठीक" ठेवून दिला की माणूस चार वर्षे जागच्या जागी राही, आणि का राहिलो हे त्याला कधीच कळत नसे. आपल्यावर अन्याय झाला हे ज्याला कळते तो निदान भांडतो तरी. ज्याला नुसताच संशय येतो तो मात्र कुरतडला जातो. साहेब लिफ्टमध्ये हसले नाहीत, एवढ्याचे मनाशी अर्थ लावीत बसतो. आमच्या मुख्य कचेरीत अशी कुरतडलेली माणसे मजल्यामजल्यावर होती, आणि सायंकाळी पाच वाजता ती इतक्या तत्परतेने उठत की पाहणाऱ्याला हे कार्यालय फार शिस्तीचे आहे असे वाटावे.

१९९१ साली खात्याची परीक्षा देऊन मी अधिकारी झालो आणि माझी बदली मनमाडजवळ पानेवाडीला झाली. पानेवाडीचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला पेट्रोल हे जिवंत द्रव्य आहे हे पटणार नाही. तापमान दहा अंशांनी चढले की बारा हजार लिटरांच्या टँकरात सव्वाशे-दीडशे लिटर केवळ उन्हाने फुगतात आणि रात्री गार झाले की तितकेच आक्रसतात. म्हणून प्रत्येक टाकीची डिप घेताना उंची मिलिमीटरपर्यंत, तापमान अर्ध्या अंशापर्यंत आणि घनता चौथ्या आकड्यापर्यंत नोंदवून, सगळे पंधरा अंशांच्या हिशेबाला आणून रुजवात घालायची, अशी रीत आहे. पितळी वजनाच्या टोकाला पाणी शोधणारा मलम लावून फीत तळाशी सोडली, की तळाला साचलेले बोटभर पाणीही रंग बदलून आपले अस्तित्व सांगते. हे काम मला मनापासून आवडे. पहाटे टाकीच्या गोल जिन्याने वर जावे, फीत सोडावी, खाली मनमाडचे दिवे विझताना पाहावेत. नोकरीतले माझे सर्वांत निर्भेळ सुखाचे तास त्या छपरांवर गेले.

खाली उतरल्यावर मात्र भोजनकक्षात माझ्यापुढे बशी येई, तीत चमचा असे, दोन बिस्किटे असत, आणि तिच्यातून चहा पिणे शक्य नसे. ज्यांच्याशी मी काल अरेतुरे करीत असे ते मला आता "साहेब" म्हणू लागले, आणि ते म्हणण्यात चेष्टा नव्हती हेच अधिक जिव्हारी लागले. शिवडीच्या त्या जुन्या फिटरच्या निरोपाला मी मुद्दाम रजा काढून गेलो, तर त्यांनी माझ्यासाठी पुढच्या रांगेत वेगळी खुर्ची मांडून ठेवली होती.

पुढची दहाबारा वर्षे मी झरझर ओलांडतो, कारण त्यांत बदल्या आणि बैठका यांखेरीज काही नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये सरकारने तेलाच्या किमती ठरवण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. कंपन्या विकण्याच्या वार्ता उठल्या, आणि हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या दोन कंपन्या संसदेच्या संमतीवाचून विकता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००३ रोजी दिला. त्या काळात सगळ्याच तेल कंपन्यांच्या जिन्याजिन्यांवर एकच चर्चा चाले: नवा मालक कोण, आणि तो किती माणसे ठेवील. चर्चा करणाऱ्यांत असेही होते की ज्यांना नवा मालक यावा असे मनातून वाटे, कारण निदान तो आपल्याकडे बघेल तरी; मग काढून टाकण्यासाठी का बघेना. हे मला एका चांगल्या हुद्द्यावरच्या माणसाने, दार लावून घेऊन, सांगितले.

२००९ च्या जानेवारीत अधिकाऱ्यांनीच संप केला. आधीची वेतनश्रेणी १९९७ ची, नवी लागू व्हायची २००७ पासून, आणि जे पदरात पडणार होते ते अपुरे, अशी तक्रार होती. ७ तारखेस संप सुरू झाला, ९ तारखेस मिटला. जन्मात कधी घोषणा न दिलेली, टाय लावणारी, कर्ज काढून मोठी घरे घेतलेली माणसे तीन दिवस घरी बसली, आणि देशभर पंप कोरडे पडू लागले. दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीहून लालबागला मामांना भेटायला गेलो. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते आणि वर्तमानपत्र भिंगाखाली धरून वाचीत. आमच्या मागण्यांचा तपशील त्यांनी सगळा वाचला होता.

"कितवा दिवस?" त्यांनी विचारले.

"दुसरा."

"आणखी किती चालेल?"

"उद्यापर्यंत मिटेल, मामा."

त्यांनी भिंग घडी करून ठेवले. "मग त्याला रजा म्हणावं," ते म्हणाले, आणि मामीला चहा टाकायला सांगितला.

मला राग आला नाही. खरे सांगायचे तर त्या तीन दिवसांत आमच्यापैकी अनेकांनी मनात धरले होते ते वेतनश्रेणीपेक्षा वेगळेच काहीतरी होते. पण मागणीपत्रात लिहिता येते ती वेतनश्रेणीच. संप मिटला, आणि पुढे यथावकाश नवा पगारही हाती आला, चांगला आला. त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू आली, तिचा उल्लेख करण्यासाठीच मी इतका वेळ आढेवेढे घेत आलो आहे.

सार्वजनिक उपक्रम विभागाने २००८ च्या नोव्हेंबरात काढलेल्या हुकुमांत नव्या पगाराबरोबर एक अट घातली होती. अधिकाऱ्यांचे मूल्यमापन घंटेच्या आकाराच्या रेषेत बसवायचे. दहा ते पंधरा टक्क्यांहून अधिक माणसे सर्वोत्तम ठरवायची नाहीत, आणि दहा टक्के माणसे अपेक्षेहून उणी ठरवायची. माझ्या हाताखाली त्या वेळी एक मध्यम आकाराचा डेपो आणि अकरा अधिकारी होते. अकरांचे दहा टक्के म्हणजे एक पूर्णांक एक दशांश माणूस. दशांश माणूस कुठून आणावा, असे मी क्षेत्रीय कार्यालयाला विनोदाने विचारले. तिकडून गंभीरपणे उत्तर आले की अपूर्णांक सोडून द्यावा. म्हणजे एक माणूस पाहिजे होता, आणि तो मी निवडायचा होता. पूर्वीच्या "ठीक"मध्ये निदान अंधार होता. आता तोही उरला नव्हता, कारण सरकारी नोकराच्या अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच ठरवून दिले होते. हा निर्णय न्याय्य होता. मला फक्त एवढेच उमगले की यापुढे डोळ्यांत पाहून लिहावे लागेल.

अशा वेळी सगळीकडे जे करतात तेच मी केले. ज्याच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले आहेत त्याला तळाला बसवायचे, कारण त्याची बढती अडत नाही, फार तर थोडा पैसा जातो. सुरक्षेचे काम पाहणारे आमचे अधिकारी चौदा महिन्यांनी निवृत्त होणार होते. कामगार त्यांना "क्लिपसाहेब" म्हणत. पेट्रोल नळीतून वेगाने वाहते तेव्हा घर्षणाने त्यात वीज साठते, ती जमिनीत उतरावी म्हणून टँकरच्या अंगाला तांब्याच्या तारेची क्लिप लावतात. आणि क्लिपच्या दातांखाली रंगाचा किंवा गंजाचा पापुद्रा राहिला तर क्लिप लावलेली दिसते, पण लागलेली नसते. हे गृहस्थ खिशात बोटभर लांबीची कानस घेऊन हिंडत आणि प्रत्येक टँकरची ती जागा खरवडून, धातू लखलखीत दिसल्यावरच मान हलवीत. आधी पेट्रोल नेलेल्या टँकरात डिझेल भरायचे असले की ते स्वतः जाऊन उभे राहत, कारण तळाशी राहिलेली पेट्रोलची वाफ अशा वेळी सर्वांत घातकी असते. क्लिप नीट लागल्याखेरीज पंप चालूच होऊ नये अशी विजेची योजना आमच्याकडे बसवलेली होती, पण चार नंबरच्या बेवर, म्हणजे टँकर भरण्याच्या जागेवर, ती वरचेवर बिघडे, आणि बिघडली की तिला वळसा घालून भरणा चालू ठेवण्याची रीत पडली होती. ही रीत त्यांनी मोडली. बिघाड झाला की ते चार नंबर बंद करीत, टँकर खोळंबत, दिवसाचा आकडा पडे, आणि संध्याकाळी त्या आकड्याचा जाब मला विचारला जाई. नव्या क्लिपचे आणि रिलेचे मागणीपत्र त्यांनी दिले होते, मी शिफारस करून ते पुढे पाठवले होते, आणि पुढे ते कुठे गेले याचा पाठपुरावा करायचे माझ्याने राहून गेले होते.

निवृत्ती जवळ आली म्हणून त्यांना निवडले, असे मी स्वतःला सांगितले. पडलेल्या आकड्यांचा राग त्यात नव्हता, असे मात्र शपथेवर सांगता येणार नाही.

त्यांना मी बोलावले, कागद पुढे ठेवला, आणि हे केवळ टक्केवारीपुरते आहे, याचा तुमच्या कामाशी संबंध नाही, असले काहीतरी बोलू लागलो. त्यांनी चष्मा बदलला. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. डिपचे रजिस्टर वाचावे तसा, बोट ठेवून. अभिप्रायाचा रकाना बराच मोठा होता, आणि तो भरून अपील करण्याचा त्यांना अधिकार होता, हेही मी सांगितले. त्यांनी माझ्याच टेबलावरचे पेन उचलले, त्या रकान्यात "वाचले" एवढा एक शब्द लिहिला, खाली सही केली, तारीख घातली, आणि वेळही घातली: ११.४०. मग म्हणाले, "निघू का साहेब? चारला टँकर लागलाय."

बशांच्या परिपत्रकावर माझी सही नव्हती, अक्षरे तेवढी माझी होती. या कागदावर सहीही माझीच होती. चौदा महिन्यांनी त्यांच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना मी जे भाषण केले त्यात "डेपोचा आधारस्तंभ" हे शब्द होते, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीने त्यावर टाळ्या वाजवल्या. घरी त्यांनी काही सांगितले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मी स्वतः २०१५ साली निवृत्त झालो. त्यानंतरच्या वर्षी श्रावणात, दादरला कबुतरखान्याजवळच्या बसथांब्यावर ते मला दिसले. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून अळूची पाने डोकावत होती. मी ओळख द्यावी की वळून जावे या विचारात असतानाच त्यांनी मला पाहिले आणि ते स्वतःच पुढे आले. प्रकृती, मुलेबाळे, पेन्शनीतली गुंतागुंत, हे सगळे बोलून झाले. त्या कागदाची गोष्ट आता निघेल, मग निघेल, म्हणून मी मनाशी वाक्ये जुळवीत होतो, आणि ती काही निघेना. लांबून बस येताना दिसली तशी त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चार नंबरची क्लिप बदलली का हो शेवटी?"

"बदलली असेल," मी म्हटले.

"असेल?" त्यांनी विचारले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि दांडा धरून ते बसमध्ये चढले.